सिग्मॉईड दर वेळी मिटलेलंच का दिसतं? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा सीटी आणि पुन्हा पुन्हा बिघडणारी चित्रं

"सिग्मॉईडची भिंत जाड वाटते, मात्र आतडं पुरेसं फुगलेलं नसल्याने नक्की सांगता येत नाही." सीटीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने रिपोर्टमधलं हे वाक्य वाचलेलं असतं. सिग्मॉईड म्हणजे मलाशयाच्या अगदी आधीचा, मोठ्या आतड्याचा वळणाचा भाग. मी चौदा वर्षं सीटी तंत्रज्ञ म्हणून हे काम करते आहे, त्यातली बरीचशी सोलापुरात, आणि हे वाक्य वाचलं की मला आजही रुखरुख लागते. पेशंटच्या बाजूने बघा ना. सुई टोचून घेतली, डाय (अवयव चित्रात उजळवणारा आयोडीनचा द्राव) गेला, किरणं घेतली, पैसे गेले, आणि ज्या प्रश्नासाठी तो आला होता तो प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

अशा वेळी पहिला हात एमएएस, म्हणजे किरणांची मात्रा, वाढवण्याकडे जातो, नाहीतर "मशीन जुनं झालंय" म्हणून आपण मोकळे होतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही तेच करत असे. आता माझं मत पक्कं झालं आहे: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं चित्र बहुतेक वेळा पेशंट टेबलावर यायच्या आधीच्या दीड तासातच बिघडलेलं असतं. किरणं वाढवून मिटलेलं आतडं उघडत नाही, आणि डायची चुकलेली वेळ परत येत नाही. म्हणून तपासताना आधी आतडं बघा, मग डाय, मग श्वास आणि अंगावरचा धातू, आणि मशीनकडे सगळ्यात शेवटी वळा.

तोंडाने प्यायलेलं पाणी तासाभरात सिग्मॉईडला पोहोचत नाही

हे माझ्या नीट लक्षात आलं ते एका पेशंटमुळे. अक्कलकोटकडचे एक शेतकरी मामा, साठी उलटलेले. शौचावाटे रक्त जात होतं, वजन उतरलं होतं. दुखू लागल्यामुळे कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं बघणं) अर्ध्यात थांबवावी लागली होती, म्हणून सर्जननी सीटी सांगितला. मामांनी दीड लिटर मॅनिटॉलचं (आतड्यात पाणी धरून ठेवणाऱ्या औषधाचं) पाणी एकही घोट न टाळता संपवलं. चित्र आलं तेव्हा लहान आतड्याचा एकेक वेढा सुरेख फुगलेला, सीकमपर्यंत (मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथवर) पाणी भरलेलं, आणि सिग्मॉईड मात्र पिळून ठेवलेल्या ओल्या पंचासारखं. रिपोर्टमध्ये तेच वाक्य आलं आणि मामा पुन्हा एसटीने आमच्या दारात.

दुसऱ्या वेळी आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी त्यांना डाव्या कुशीवर झोपवून मऊ नळीने मलाशयात कोमट पाणी सोडायला लावलं. ७०० मिलीच्या आसपास गेलं तेव्हा मामा म्हणाले, "पोट तटतटलं, बाई." तिथे थांबलो, उताणं केलं, स्कॅन घेतला. सिग्मॉईड उघडलं होतं. मधला एक तुकडा सोडला तर भिंत सगळीकडे कागदासारखी पातळ, आणि त्या तुकड्यात बांगडीसारखा वेढा घालून बसलेली गाठ. आदल्या चित्रातही ती तिथेच होती, पण मिटलेल्या आतड्यात निरोगी भिंतसुद्धा तेवढीच जाड दिसते.

कारण अगदी साधं आहे. तोंडाने दिलेलं पाणी पाऊण ते एक तासात लहान आतडं ओलांडून सीकमशी येतं. तिथून चढतं कोलन, आडवं, उतरतं आणि मग सिग्मॉईड, या प्रवासाला अनेक तास लागतात. तोंडाने आणखी एक लिटर पाजलं तरी पेशंटची मळमळ तेवढी वाढते. आपल्याकडे सापडणाऱ्या गाठींचा मोठा वाटा मलाशयात आणि सिग्मॉईडमध्ये असतो, म्हणजे नेमका तोच भाग जो तोंडाच्या तयारीने फुगत नाही.

तेव्हा डाव्या बाजूच्या किंवा मलाशयाच्या गाठीचा संशय असेल तर खालून पाणी किंवा हवा द्यावीच लागते. पाणी ५०० मिली ते एक लिटर, अंगाला सोसेल इतकं कोमट, पिशवी टेबलापासून फार उंच न टांगता हळूहळू. पेशंटला कळ आली की थांबायचं. पाण्याचा फायदा असा की डाय गेल्यावर भिंत उजळते, आतलं पाणी शून्य एचयूच्या (सीटीवर घनता मोजायचं एकक) आसपास काळं राहतं, आणि दोघांमधली रेघ स्वच्छ दिसते. हवा किंवा कार्बन डायऑक्साईड दिला तर आतला पृष्ठभाग फुप्फुसाच्या विंडोवर (चित्राच्या उजेड-अंधाराच्या सेटिंगवर) छान दिसतो, पण मग उताणं आणि पालथं असे दोन्ही स्कॅन घ्यावे लागतात, कारण हवा वर जाते आणि खालचा भाग मिटतो.

हे आपल्या अधिकारात करायचं काम नाही, हे मी ठासून सांगते. पोट फुगलंय, उलट्या आहेत, गॅस सुटत नाही, म्हणजे आतड्याला अडथळा असण्याची शक्यता आहे, अशा पेशंटला ना मॅनिटॉल, ना खालून पाणी. त्याच्या आतड्यात आधीच साचलेलं पाणी आपलं काम करतं. आतडं फुटल्याचा संशय, पोटात नुकताच तीव्र दाह, एक-दोन दिवसांपूर्वी घेतलेली खोल बायॉप्सी, यांतलं काहीही असेल तर आधी रेडिओलॉजिस्टना विचारायचं. मलाशयातली गाठ अगदी खाली असेल तर डॉक्टरांनी बोटाने तपासल्याशिवाय नळी घालायची नाही, आणि नळीचा फुगा तर फुगवायचाच नाही.

आणि लाज. खालून नळी म्हटल्यावर बायका गप्प होतात, पुरुष "राहू द्या" म्हणतात. पडदा ओढून, चादर पांघरून, दोन वाक्यांत कारण सांगितलं की आजवर जवळपास सगळ्यांनी होकार दिला आहे. "मावशी, आतडं मिटलेलं असलं की गाठ लपते, पाण्याने ते उघडतं." एवढंच मी सांगते.

मॅनिटॉलचा हिशोब आणि घट्ट ओरल डाय

गाठ उजव्या बाजूला असेल तर तोंडाची तयारी महत्त्वाची, आणि तिथे गडबड होते ती मिसळण्यात. २० टक्क्यांच्या मॅनिटॉलपासून ३ टक्क्यांचं एक लिटर हवं असेल तर १५० मिली मॅनिटॉल आणि ८५० मिली पाणी. म्हणजे १०० मिलीच्या दीड बाटल्या. एका लिटरला एकच बाटली टाकली तर ते २ टक्के होतं, आतडं पाणी शोषून घेतं आणि वेढे मिटतात. तीन बाटल्या टाकल्या तर ६ टक्के, आणि पेशंट स्कॅनच्या आधीच संडासात. एकदम ढोसायचं नाही: पाऊण तासात थोडं थोडं, आणि शेवटचा ग्लास टेबलावर जायच्या आधी. जुलाब होणार हे आधीच सांगून ठेवा आणि स्कॅननंतर भरपूर पाणी प्यायला लावा, कारण शरीरातलं पाणी कमी आणि वर डाय ही जोडी मूत्रपिंडाला जड जाते.

एक सूचना मी लाल शाईने लिहून फलकावर लावली आहे: मॅनिटॉल दिलेल्या पेशंटची त्यानंतर लगेच कोलोनोस्कोपी असेल तर एंडोस्कोपीवाल्यांना तसं कळवायचं. आतड्यातले जंतू मॅनिटॉलपासून हायड्रोजनसारखा पेट घेणारा वायू तयार करतात, आणि त्यात कॉटरी (विजेने डागायचं साधन) लावली तर स्फोटाचा धोका असतो.

पांढरा दिसणारा, आयोडीनवाला ओरल डाय पहिल्या तपासणीत मला नकोसा वाटतो. आतडं आतून पांढरं, भिंत डायने पांढरी, मग गाठ वेगळी दिसणार कशी? त्यातून कुणी तो घट्ट मिसळला तर रेघांचा पिसारा सगळ्या पोटभर. शस्त्रक्रियेनंतर आतड्याचा जोड गळतोय का हे बघायचं असतं तेव्हा मात्र पांढराच हवा, तोही खालून आणि पाण्यात विरघळणारा. बेरियम तिथे चालत नाही. आणि आदल्या दिवसांत कुठे बेरियमची तपासणी झाली आहे का, हे विचारायला विसरू नका. स्काऊटवर (स्कॅनआधी घेतात त्या एक्स-रेसारख्या चित्रावर) आतड्यात चुन्यासारखे पांढरे गोळे दिसले तर तिथेच थांबून रेडिओलॉजिस्टना दाखवा.

मळ राहिला असेल तर तो गाठीसारखा दिसतो. दोन दिवस कमी चोथ्याचं जेवण आणि डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ करायचं औषध, यावर पेशंटशी आदल्या दिवशी फोनवर बोललं तर अर्धं काम होतं. भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी बंद. पातळ वरण, मऊ भात, ताक चालेल, असं त्याच्या ताटातलं सांगा. "लो रेसिड्यू" म्हटलं तर कुणालाच काही कळत नाही. तरी शंका राहिलीच तर साध्या आणि डायच्या स्कॅनमध्ये त्याच जागी आरओआय (स्क्रीनवरचं मोजायचं वर्तुळ) ठेवून एचयू मोजा. गाठ २० पेक्षा जास्त एचयूने उजळते, मळ होता तिथेच राहतो, आणि मळाच्या पोटात बारीक हवेचे बुडबुडे असतात.

आतड्याच्या हालचालीने येणारा पंख्यासारखा काळा-पांढरा फराटा थांबवायला हायोसिनचं २० मिलीग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून स्कॅनच्या जरा आधी देतात. काचबिंदू, जलद नाडी, लघवी तुंबण्याचा त्रास, मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार), हे विचारल्याशिवाय नाही, आणि डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय तर नाहीच.

लिव्हर फिकं येतं: दोष मात्रेचा की वेळेचा?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरतो तो बहुतेक आधी यकृतात, कारण आतड्याचं रक्त पोर्टल शिरेने तिथेच जातं. त्या गाठी बहुधा कमी रक्ताच्या असतात. म्हणजे आजूबाजूचं यकृत उजळेल तेव्हाच त्या काळ्या उठून दिसतात. यकृत उजळलं नाही तर १ सेंटिमीटरची गाठ समोर असून दिसत नाही. आमच्या कामात याहून मोठी चूक मला माहीत नाही.

आधी मात्रा बघा. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना सरसकट ८० मिली डाय देतात. मिलीमागे ३०० मिलीग्रॅम आयोडीन असलेल्या डायचे ८० मिली म्हणजे २४ ग्रॅम आयोडीन. ४५ किलोच्या आजींना ते किलोमागे ५३३ मिलीग्रॅम पडतं, छान. ९० किलोच्या काकांना २६७, म्हणजे निम्मंच. काकांचं यकृत फिकं येतं आणि खापर मशीनवर फुटतं. किलोमागे १.५ मिली या हिशोबाने ६० किलोला ९० मिली येतात. ५० मिलीच्या एकाच बाटलीत भागवायचा आग्रह झाला तर नम्रपणे पण स्पष्टपणे नाही म्हणावं, आणि हा हिशोब कागदावर करून दाखवावा. मी दाखवला आहे, आणि तो मान्य झाला आहे. क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंड कसं चालतं ते सांगणारे आकडे) आधी बघायचे हे वेगळं सांगायला नको.

पेशंट बारीक असेल तर १२० ऐवजी १०० केव्ही (एक्स-रे नळीचा व्होल्टेज) घ्या. आयोडीनची के-एज, म्हणजे ज्या ऊर्जेला ते किरणं एकदम जास्त शोषू लागतं ती, ३३.२ केईव्हीला आहे. केव्ही उतरवला की किरणं तिच्या जवळ येतात आणि तेवढ्याच डायमध्ये यकृत जास्त उजळतं. जाड पेशंटला हे करू नका, नॉईज (चित्रातला दाणेदारपणा) वाढेल.

मग वेळ. पोर्टल फेज (पोर्टल शिरेतून आलेल्या डायने यकृत पुरतं उजळतं तो टप्पा) ६५ ते ७० सेकंदांना, हे आपण पाठ केलेलं असतं. पण ते धडधाकट हृदयासाठी. हृदय कमजोर असलेल्या एका आजींचा स्कॅन मी ठरल्याप्रमाणे ७० सेकंदांना घेतला आणि स्क्रीनवर बघितलं तर यकृताच्या शिरा अजून काळ्या. डाय तिथवर पोहोचलाच नव्हता. तेव्हापासून वयस्कर आणि हृदयाच्या पेशंटला मी बोलस ट्रॅकिंगच (डाय पोहोचल्याचं बघून मग वेळ मोजणं) लावते: आरओआय डायफ्रामच्या (श्वासपटलाच्या) पातळीवर महाधमनीत, १५० एचयूला ट्रिगर, आणि त्यानंतर ४५ ते ५० सेकंद. निरोगी माणसात महाधमनी १५ ते २० सेकंदांत भरते, त्यामुळे एकूण वेळ तीच येते. आजींमध्ये ती ३५ व्या सेकंदाला भरत असेल तर स्कॅन आपोआप ८० च्या पुढे जातो.

फेज चुकली का, हे ओळखायला अवयवच घड्याळं आहेत. प्लीहेवर झेब्र्यासारखे पट्टे दिसले तर तुम्ही फारच लवकर आलात. यकृताच्या शिरा काळ्या असतील तर थोडं लवकर. पोर्टल शीर आणि यकृताच्या शिरा दोन्ही सारख्या उजळल्या असतील तर अगदी बरोबर. मूत्रपिंडातून डाय लघवीच्या नळीत उतरू लागला असेल तर उशीर झाला. पेशंट टेबलावरून उठायच्या आत हे बघून घ्या, कारण तेव्हा लगेच आणखी एक फेज घ्यायची का, हे रेडिओलॉजिस्टना विचारता येतं.

केमोच्या पेशंटच्या शिरा गेलेल्या असतात. गुलाबी कॅन्युला (शिरेत बसवायची सुई-नळी) जात नाही, तिच्याहून बारीक निळीवर भागवावं लागतं. हरकत नाही. पोर्टल फेजमध्ये यकृत किती उजळेल हे मुख्यतः एकूण आयोडीनवर ठरतं, वेगावर कमी. सेकंदाला ३ ऐवजी २ मिलीच्या वेगाने १०० मिली दिलं तर इंजेक्शनच ५० सेकंद चालतं, मग स्कॅन आणखी दहा-पंधरा सेकंद पुढे ढकला. मात्रा मात्र कमी करू नका. मागोमाग ३० ते ४० मिली सलाईन द्याच, नाहीतर शेवटचा डाय नळीत आणि दंडाच्या शिरेतच बसून राहतो. केमो पोर्टमधून (केमोसाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीतून) इंजेक्टरने डाय द्यायचा असेल तर तो पोर्ट त्या दाबासाठी बनवलेला आहे याची खात्री कार्डावर बघूनच.

सगळं बरोबर करूनही केमोनंतर यकृत फिकं आणि गाठी पुसट दिसल्या तर ती तुमची चूक नसेल. या औषधांनी यकृतात चरबी साठते, चरबीचं यकृत काळपट दिसतं, आणि काळी गाठ काळ्या पार्श्वभूमीवर हरवते. साध्या स्कॅनमध्ये यकृताचा एचयू प्लीहेपेक्षा बराच खाली असेल तर तसं नोंदवा. अशा वेळी रेडिओलॉजिस्ट यकृताचा एमआरआय सुचवू शकतात. किरणं वाढवून इथे फायदा नाही.

श्वास, हात, करदोटा

१९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या पेशंटचा सीटी झाला तो डोक्याचा. एकेका कापाला मिनिटं लागत, आणि पोट तर श्वासाबरोबर हलतं. आज ६४ स्लाइसच्या मशीनवर छाती-पोट-ओटीपोट दहा-बारा सेकंदांत होतं, तरी श्वासाची अडचण संपलेली नाही, कारण अडचण भाषेची आहे. मशीनमधला आवाज इंग्रजीत किंवा हिंदीत "सांस रोकिए" म्हणतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या आजी मराठी, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या. त्या गोंधळतात आणि नेमक्या त्याच क्षणी मोठा श्वास सोडतात. कोरोनल (समोरून दिसणाऱ्या) चित्रात यकृताच्या वरच्या कडेला जिन्यासारखी पायरी दिसली तर हेच झालंय.

बहुतेक मशीनवर आपला आवाज रेकॉर्ड करता येतो. मी मराठीत माझा केला, कन्नडसाठी आमच्या सिस्टरचा. "श्वास घ्या... आता धरून ठेवा... सोडा." "घ्या" आणि "धरा" यांच्यामध्ये पूर्ण दोन सेकंद ठेवा. स्कॅनआधी बाहेर खुर्चीवर बसवूनच दोन वेळा सराव करून घ्या. आणि स्कॅन डोक्याकडून पायाकडे घ्या: दम सुटलाच तर तोवर तुम्ही ओटीपोटात पोहोचलेले असता, तिथे श्वासाने फारसं बिघडत नाही.

हात खाली राहिले तर यकृतावर आडव्या रेघा येतात. खांदा दुखतो म्हणून वर जात नसेल तर कोपराखाली उशी द्या. तरीही जमलं नाही तर हात शरीराच्या बाजूला ठेवू नका, पोटावर उशी ठेवून तिच्यावर ठेवा.

धातूबद्दल विचारताना "काही मेटल आहे का?" असं विचारलं तर उत्तर नेहमी "नाही". चांदीचा करदोटा हा कुणाच्या लेखी मेटल नसतो, तो अंगाचाच भाग असतो. तो नेमका ओटीपोटावर येतो आणि मलाशयावर रेघा मारतो. म्हणून नावं घेऊन विचारा: करदोटा, ताईत, मंगळसूत्र, चुन्याची डबी, किल्ल्या, लुगड्याच्या ओच्यात बांधलेली नाणी. करदोटा सुती असेल तर राहू द्या. चांदीचा असेल तर काढून त्यांच्याच माणसाच्या हातात द्या, तुमच्या ड्रॉवरमध्ये नको. मंगळसूत्र काढायला नको म्हणत असतील तर पोटाच्या स्कॅनला ते वर हनुवटीशी सरकवा, छातीच्या वेळी समजावून सांगा.

खुब्याचा सांधा बदललेला असेल तर दोन्ही बाजूंच्या रेघा मलाशयावरच येऊन मिळतात. मेटल आर्टिफॅक्ट कमी करणारं सॉफ्टवेअर असेल तर लावा, केव्ही वाढवा, जाड काप करा. तरी उरलंच तर ते उरणार. मलाशयाच्या गाठीची खोली आणि कडा यासाठी एमआरआयच योग्य, सीटी तिथे कितीही सुंदर आला तरी कमीच पडतो.

आणि आता मशीन

नॉईज कमी करायचा म्हणजे एमएएस वाढवायचा, हे खरं, पण किंमत बघा. नॉईज निम्मा करायला किरणं चौपट लागतात. उलट १.२५ मिमीऐवजी ५ मिमीचा काप बघितला तर तेवढ्याच किरणांत नॉईज निम्मा होतो. म्हणून पातळ कापात स्कॅन घ्या, पण यकृत ३ ते ५ मिमीवर बघायला द्या. पातळ काप फुप्फुसासाठी आणि कोरोनल-सॅजिटल (समोरून आणि बाजूने दिसणारी) चित्रं करायला. यकृताची विंडो अरुंद हवी, साधारण रुंदी १५०, मध्य ८०-९०. ४०० च्या नेहमीच्या विंडोत पुसट गाठ निसटते. इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (संगणकाने नॉईज कमी करायची पद्धत) पूर्ण ताकदीवर लावून चित्र मेणासारखं गुळगुळीत करू नका. डोळ्यांना बरं वाटतं, पण बारीक कमी-कॉन्ट्रास्टची गाठ त्यातच पुसली जाते. मी मधल्या पातळीच्या वर जात नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टेबलाची उंची. बारीक पेशंट गादीत रुततो, आपण छातीवर लेझर लावतो आणि तसेच पुढे जातो. पेशंट मध्याच्या वर-खाली गेला की स्काऊटवर तो मोठा किंवा लहान दिसतो. एक्स-रेची नळी वर ठेवून स्काऊट घेतला आणि पेशंट खाली असेल तर तो लहान दिसतो, मशीनला वाटतं हा बारीक आहे, एमए (किरणांचं प्रमाण ठरवणारा विद्युतप्रवाह) कमी होतो, चित्र दाणेदार. नळी खाली असेल तर उलट. "एमएएस कमी पडतोय" अशा तक्रारींत मी आधी स्काऊट उघडून हेच बघते. स्वयंचलित एमएच्या सेटिंगला प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, कुठे नॉईज इंडेक्स, कुठे रेफरन्स एमएएस. काही मशीनवर तो आकडा पहिल्या रिकन्स्ट्रक्शनच्या कापाच्या जाडीशी बांधलेला असतो. कुणी जाडी बदलली आणि आकडा तसाच ठेवला तर किरणं एकदम चढतात किंवा पडतात.

चित्रात गोल गोल कडी दिसली तर एअर कॅलिब्रेशन (रिकाम्या मशीनची जुळणी) करा, पाण्याचा फँटम (तपासणीसाठीचा पाण्याचा डबा) लावा. पाणी शून्याच्या चार-पाच एचयूच्या आत नसेल तर काम थांबवून इंजिनियरना बोलवा. पण त्याआधी गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) आतली पारदर्शक पट्टी टॉर्चने बघा. आमच्याकडे एकदा प्रत्येक पोटात त्याच जागी डाग येत होता, कॅलिब्रेशन दोनदा झालं, डाग तसाच. शेवटी पट्टीवर डायचा मसुराएवढा वाळलेला थेंब सापडला. डायची नळी जोडताना उडालेला. ओल्या फडक्याने पुसला, डाग गेला.

दर दोन-तीन महिन्यांनी येणारा पेशंट

केमो चालू असलेल्या पेशंटचे स्कॅन एकमेकांशी ताडले जातात. गाठ २२ मिमीची १८ झाली की नाही, यावर औषध बदलायचं की नाही हे ठरतं. मोजमापाच्या नियमात ५ मिमीपेक्षा जाड नसलेल्या कापात किमान १० मिमीची गाठ धरतात. मागच्या वेळी पोर्टल फेज बरोबर आणि यंदा लवकर, असं झालं तर तीच गाठ लहान किंवा मोठी वाटते, आणि त्या फरकाला आजाराशी काही देणंघेणं नसतं.

यावर आमच्याकडे एक साधं कार्ड आहे. वजन, डायचं नाव आणि मिली, वेग, कॅन्युला कुठल्या हाताला आणि कुठल्या रंगाची, ट्रिगर की ठरावीक सेकंद, केव्ही, कापाची जाडी, तोंडाने काय दिलं, खालून काय दिलं, श्वास कितपत धरला. प्रत्येक स्कॅननंतर दोन मिनिटांत भरून होतं. एक प्रत आमच्या रजिस्टरला, आणि एक पेशंटच्या फाइलच्या पहिल्याच प्लॅस्टिकच्या कप्प्यात, म्हणजे पुढचा स्कॅन त्याने पुण्यात केला किंवा हैदराबादला, तरी तिथल्या तंत्रज्ञाला फाइल उघडताच ते आधी दिसेल.